पात्मोस बेट: ईस्टरला सासूबाईंना घेऊन जायचं आहे, जाणकारांनी सांगावं

कोलशेत_रोड
नमस्कार मंडळी. २०२७ च्या मार्चअखेरीस ग्रीसला जायचं चाललंय. तिघं आहोत: आम्ही दोघं आणि सासूबाई (वय ७१, गुडघ्यांचा त्रास, शुद्ध शाकाहारी). जो तो सांतोरिनी सुचवतोय, पण आम्हाला बायझंटाईन मठ, जुनी हस्तलिखितं, भित्तिचित्रं यांत जास्त रस आहे. म्हणून पात्मोसचा विचार आहे. कॅलेंडरवर गुड फ्रायडे २६ मार्चला दिसतोय, म्हणून २४ ते २९ बेटावर राहायचं मनात आहे.

विचारायचं ते असं. अथेन्सहून कसं जायचं? मठ आणि गुहा सासूबाईंना झेपतील का? नेमकं काय बघायचं आणि त्यामागचा इतिहास काय? जेवणाचं कसं? आणि एक बाळबोध शंका: ज्या संत योहानासाठी हे बेट प्रसिद्ध आहे तो आणि आपल्या तलावपाळीजवळच्या सेंट जॉन चर्चचा योहान एकच का?

ऐरोली_खाडीकिनारा
ताई, तिकिटं काढली नसतील तर आधी तारखा बदला. २६ मार्चचा गुड फ्रायडे कॅथलिक आणि प्रोटेस्टंटांचा. ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्चचा ईस्टर २०२७ मध्ये २ मेला आहे, म्हणजे त्यांचा गुड फ्रायडे ३० एप्रिलला. तब्बल पाच आठवड्यांचा फरक. दोन्हीकडे नियम एकच: वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेनंतरचा रविवार. पण ऑर्थोडॉक्स चर्च हा हिशोब अजून जुन्या ज्युलियन पंचांगाने करतं. त्या पंचांगातला २१ मार्च आपल्या ३ एप्रिलला पडतो, शिवाय त्यांची पौर्णिमेची कोष्टकं खऱ्या चंद्राच्या चार-पाच दिवस मागे चालतात. म्हणून कधी दोन्ही ईस्टर एका दिवशी येतात (२०२८ मध्ये १६ एप्रिल), कधी एका आठवड्याचा फरक पडतो, कधी पाचाचा. आपल्याकडे अधिक महिना आला की सण सरकतात, तसंच काहीसं. मार्चअखेरीस गेलात तर बरीचशी हॉटेलं बंद, बोटी कमी आणि मठात लेंटचा, म्हणजे ईस्टरआधीचा, उपवास चालू. शांतता हवी असेल तर वाईट नाही, पण तुम्हाला हवे ते विधी दिसणार नाहीत.

आता प्रवास. पात्मोसला विमानतळ नाही. पर्याय दोन.

पहिला, अथेन्सच्या पिरेयस बंदरातून मोठं जहाज. साधारण आठ तास धरा. बहुतेकदा दुपारी-संध्याकाळी सुटतं आणि पात्मोसच्या स्काला बंदरात मध्यरात्री किंवा त्यानंतर लागतं. डोडेकानीज बेटांची (पात्मोस त्यांतलंच) जहाजं गेट ई-१ वरून सुटतात आणि हे गेट मेट्रो स्टेशनपासून चांगलंच लांब आहे, सामान ओढत चालण्याजोगं नाही. विमानतळावरून मेट्रोची तिसरी लाईन थेट पिरेयसला जाते, साधारण तासभर लागतो. पुढे बंदराच्या आवारातली मोफत बस किंवा टॅक्सी. एक्स-९६ ही बस विमानतळावरून चोवीस तास असते, पण वाहतुकीत दीड तास सहज खाते.

जहाजावर वयस्कर माणसासाठी नंबराची सीट नाहीतर सरळ केबिन घ्या. साधं डेकचं तिकीट घेतलंत तर बसायला जागा शोधत फिरावं लागतं. मोठ्या बॅगा खाली गॅरेजमध्ये बेटांच्या नावांच्या फळ्यांवर ठेवायच्या असतात, त्या योग्य फळीवरच ठेवा. खरी गडबड उतरताना होते. पात्मोसला जहाज जेमतेम काही मिनिटं थांबतं. घोषणा झाली की लगेच खाली जायचं आणि मागचा रॅम्प उघडायच्या आधी बॅगा हातात घेऊन उभं राहायचं. सासूबाईंसाठी कर्मचाऱ्यांकडे लिफ्ट मागा, अरुंद लोखंडी जिन्याच्या भानगडीत पडू नका. हॉटेलला बोटीचं नाव आणि वेळ आधी कळवली की बहुतेक जण धक्क्यावर माणूस पाठवतात.

दुसरा पर्याय: अथेन्सहून विमानाने कोस, सामोस किंवा लेरोस गाठायचं आणि तिथून कॅटामरान (वेगवान, जोडतळाची बोट) किंवा फेरी. वेळ वाचतो, पण वारा वाढला की कॅटामरान आधी रद्द होते, मोठं जहाज नंतर. जुलै-ऑगस्टमध्ये मेल्तेमी हा उत्तरेचा वारा दिवसचे दिवस चालतो, त्या काळात कॅटामरानच्या भरवशावर परतीचं विमान ठेवणं म्हणजे जुगार. एप्रिल-मेमध्ये मेल्तेमी नसतो, तरी बेटावरून निघणं आणि मुंबईचं विमान यांत अथेन्सची एक पूर्ण रात्र ठेवाच. आणि १ मेला बोटीचा प्रवास ठेवू नका. कामगार दिनाला खलाशांचा संप होण्याची शक्यता असते.

शेंगेन व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. विम्याची रक्कम किमान ३०,००० युरो लागते. बेटावरून तुर्कस्तानच्या इफेससला जाऊन परत यायचा मोह झाला तर आधीच मल्टिपल एंट्री मागा. सिंगल एंट्रीवर ग्रीस सोडलं की परत पाऊल टाकता येत नाही, आणि तुर्कस्तानचा व्हिसा वेगळा.

ता.क.: आता आपल्याकडे विमानतळ दोन झालेत. विमान सहारहून आहे की नवी मुंबईहून, ते तिकिटावर नीट वाचा. कोलशेतहून निघायच्या वेळेत फरक पडतो.

उपवनकर
योहानाच्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण हा घोळ नेहमीचा आहे. ठाण्याचं चर्च बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचं, ज्याने येशूला यार्देन नदीत बाप्तिस्मा दिला तो. पात्मोसचा योहान वेगळा. परंपरेप्रमाणे तो बारा शिष्यांपैकी एक, शुभवर्तमानकार. ग्रीक त्याला 'थेओलोगोस' म्हणतात. बायबलमधलं शेवटचं पुस्तक 'प्रकटीकरण' त्याने या बेटावर पाहिलेल्या दृष्टान्तांचं आहे. पहिल्याच अध्यायात बेटाचं नाव येतं, मराठी बायबलमध्ये ते 'पात्म' असं आहे. पुढे सात मंडळ्यांना पत्रं आहेत: इफेसस, स्मिर्ना, पर्गमम वगैरे. ही सगळी गावं समोरच्या आशिया मायनरच्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या, किनाऱ्यावर आणि त्याच्या आतल्या भागात आहेत. नकाशा उघडून बसा, बेट आणि ती गावं किती जवळ आहेत ते दिसतं.

लेखक तोच शिष्य का, यावर वाद जुना आहे. तिसऱ्या शतकातच अलेक्झांड्रियाच्या डायोनिसियसने भाषाशैली पडताळून लेखक दुसरा असावा असं म्हटलं होतं. काळ मात्र डोमिशियन बादशहाच्या अखेरीचा, म्हणजे इ.स. ९५ च्या आसपासचा धरतात. दुसऱ्या शतकातल्या इरेनेयस या ख्रिस्ती लेखकाने तसं लिहून ठेवलंय.

प्रवासी पुस्तिकांमध्ये हमखास सापडणारं एक वाक्य खोडून काढतो: 'रोमन लोक कैद्यांना पात्मोसच्या खाणीत राबवत.' प्लिनी या रोमन लेखकाचा हवाला देतात, पण प्लिनीने पात्मोसचं नाव घेऊन फक्त त्याचा घेर सांगितलाय, ३० मैल. बेट ओसाडही नव्हतं. ते मिलेटसच्या ताब्यात होतं, आर्टेमिसचं देऊळ होतं, व्यायामशाळा होती; शिलालेखांवरून हे कळतं. स्कालाच्या वरच्या कास्तेल्ली टेकडीवर जुन्या तटबंदीचे दगड अजून आहेत. तिथे शक्यतो कोणी फिरकत नाही, म्हणून मुद्दाम सांगतोय.

मठाची गोष्ट १०८८ ची. ख्रिस्तोदुलोस हा साधू आशिया मायनरमधल्या लात्रोस डोंगरावरच्या मठात होता, तुर्कांच्या हल्ल्यांमुळे तिथून निघाला. कोस बेटावरच्या जमिनी सोडून देऊन त्याने बायझंटाईन बादशहा अलेक्सियोस पहिला कोम्निनोस याच्याकडे पात्मोस मागितलं. बादशहाने अख्खं बेट करमाफीसकट कायमचं मठाला लिहून दिलं. ती सुवर्णमुद्रेची सनद मठाच्या संग्रहालयात ठेवलीय; तिच्यावरची लाल शाईतली सही चुकवू नका, लाल शाई फक्त बादशहा वापरू शकत असे. ख्रिस्तोदुलोसला बेटावर बायका नको होत्या. बांधकामाला मजूर सहकुटुंब हवे होते, तेव्हा त्यांना बेटाच्या उत्तर भागात वसवून मधे हद्द आखावी लागली. नियम पुढे सैल झाला आणि चाचेगिरीच्या भीतीने लोक मठाच्या तटालगत घरं बांधू लागले. तेच आजचं खोरा गाव.

म्हणूनच मठ बाहेरून गढीसारखा दिसतो: उंच करड्या भिंती, बुरूज, वर कंगोरे. खालची पांढरी घरं त्याला बिलगून आहेत, गल्ल्या मुद्दाम वाकड्या आणि अरुंद. १४५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल पडल्यावर तिकडचे निर्वासित आले, १६६९ मध्ये क्रीटमधलं कांदिया पडल्यावर क्रीटचे आले, दोघांच्या वस्त्या वेगळ्या. मधे १६५९ मध्ये व्हेनिसच्या मोरोसिनीने गाव लुटलं. चाच्यांपासून वाचले आणि ख्रिस्ती आरमारानेच नागवलं.

पुढचं भरभर सांगतो. १७१३ मध्ये मकारियोस कालोगेरासने पात्मियादा ही शाळा काढली, तुर्की अमलात ग्रीक शिक्षणाचं ते मोठं केंद्र झालं. १८१४ मध्ये स्वातंत्र्यासाठी निघालेल्या 'फिलिकी एतेरिया' या गुप्त संघटनेच्या संस्थापकांपैकी इमानुइल झांथोस पात्मोसचा. १८२१ च्या उठावात बेट सामील झालं, पण स्वतंत्र ग्रीसच्या हद्दीत आलं नाही. १९१२ मध्ये इटलीने घेतलं, १९४३ मध्ये जर्मनांनी, मग ब्रिटिश, आणि ग्रीसला मिळालं ते १९४७ च्या पॅरिस करारानंतर. स्काला बंदरावरची कमानींची सरकारी इमारत इटालियन काळातली आहे. धार्मिक बाबतीत बेट आजही थेट इस्तंबूलच्या पॅट्रिआर्कच्या, म्हणजे ऑर्थोडॉक्स प्रमुख धर्मगुरूंच्या, अखत्यारीत येतं. १९९९ मध्ये खोरा, मठ आणि गुहा युनेस्कोच्या यादीत आले.

तुम्ही हस्तलिखितांचं विचारलंत. ग्रंथालय अभ्यासकांसाठीच उघडतात, पण निवडक वस्तू संग्रहालयात मांडलेल्या असतात. १२०० मधल्या मठाच्या यादीत ३३० ग्रंथांची नोंद आहे, त्या काळच्या मानाने प्रचंड. सर्वांत मौल्यवान आहेत ती सहाव्या शतकातल्या जांभळ्या चर्मपत्राच्या शुभवर्तमानाची ३३ पानं. चर्मपत्र आधी जांभळं रंगवलंय, अक्षरं चांदीच्या शाईत, देवाची नावं सोन्यात. चांदी ठिकठिकाणी काळवंडलीय, म्हणून अक्षरं सरळ समोरून फिकी वाटतात. काचेच्या बाजूला उभं राहून तिरकं पाहिलं की उठून दिसतात. त्याच पोथीची १८२ पानं सेंट पीटर्सबर्गला आहेत. आणि इ.स. ८९५ मध्ये नकललेला प्लेटोच्या संवादांचा ग्रंथ याच मठात होता. १८०१ मध्ये एडवर्ड डॅनियल क्लार्क नावाच्या इंग्रजाने तो इथून नेला, आता ऑक्सफर्डला आहे. तो शोधत बसू नका.

भित्तिचित्रांसाठी मुख्य देवळापेक्षा बाजूच्या पानागिया, म्हणजे मरियेच्या, छोट्या चॅपलमध्ये जास्त वेळ द्या. तिथली बाराव्या शतकाच्या अखेरची चित्रं नंतरच्या थराखाली दडली होती, १९५६ च्या भूकंपानंतर ती उघडकीस आली. आत काळोख असतो. डोळे सरावेपर्यंत दोन-तीन मिनिटं नुसतं उभं राहा, मग चेहरे दिसायला लागतात. फ्लॅश बंद, आणि जिथे पाटी असेल तिथे फोटोही नाही.

वाशी_सेक्टर१७
एवढं सगळं आहे, तरी सामोसहून एक दिवसाची बोट घेतली तर होत नाही का? क्रूझवाले अर्ध्या दिवसात दाखवतात की.

ऐरोली_खाडीकिनारा
दाखवतात, आणि म्हणूनच तसं बघू नये. मठ आणि गुहा सकाळी आठच्या सुमारास उघडतात आणि दुपारी दीडच्या सुमारास बंद होतात. संध्याकाळी आठवड्यातल्या काही ठरावीक दिवशीच उघडतात. क्रूझचे बसभर लोक नेमके साडेनऊ ते साडेअकरात येतात आणि गुहा म्हणजे जेमतेम एका खोलीएवढी जागा. समुद्र जरा खवळला की दिवसाची बोट उशिरा येते आणि तुमचा दीड वाजून जातो. मुक्काम असेल तर आठला दारात हजर राहता येतं. किमान तीन रात्री.

गुहेत कोपऱ्यात चांदीचं कडं लावलेला खळगा दिसेल, योहान तिथे डोकं टेकवत असे म्हणतात. दुसरा खळगा उठताना हाताचा आधार घेण्याचा. छताच्या खडकाला तीन फाटे असलेली भेग आहे, परंपरा सांगते की वाणी तिथून आली आणि तीन फाटे म्हणजे त्रैक्य (पिता, पुत्र, पवित्र आत्मा). योहान सांगे आणि प्रोखोरोस हा शिष्य लिहून घेई, ती उताराची दगडी बाजूही दाखवतात. गुहेला लागून सेंट ॲनचं चॅपल आहे. रविवारी पहाटे इथे उपासना चालते, त्या वेळी बघे म्हणून घुसू नये.

सासूबाईंबद्दल स्पष्टच सांगतो. गुहा स्काला आणि खोरा यांच्या मध्यावर, रस्त्याला लागून आहे, पण दारातून आत गेल्यावर बऱ्याच पायऱ्या खाली उतरायच्या आणि तेवढ्याच चढायच्या. कठडा आहे, मधे टेकायला जागा आहे. सावकाश जमेल. मठ जास्त कठीण: बस आणि टॅक्सी खोराच्या कडेला सोडतात, तिथून दारापर्यंत गोट्यांच्या फरसबंदीचा चढ. दगड घासून गुळगुळीत झालेत. चपला-सँडल नकोत, रबरी तळव्याचे बूट आणि घडीची काठी घ्या. एकाच सकाळी दोन्ही करू नका. पहिल्या दिवशी मठ, दुसऱ्या दिवशी गुहा. मुक्काम स्कालात सपाटीवर घ्या, खोरातल्या जुन्या वाड्यात नको. फोटोत देखणे असतात, पण रोज चढउतार. तुम्हा दोघांना चालायचं असेल तर खोराहून गुहेमार्गे स्कालापर्यंत जुनी दगडी पाऊलवाट आहे, उतरताना तीच घ्या.

पोशाख: खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. साडी किंवा पंजाबी ड्रेसला काहीच अडचण नाही, बिनबाह्यांचा असेल तर ओढणी पांघरा. पुरुषांनी हाफपँट टाळावी.

सीवूड्स_दारावे
पवित्र सप्ताहाला जाणार असाल तर विधींचा क्रम समजून घ्या. २०२७ च्या तारखा देते.

गुरुवार २९ एप्रिल: 'निप्तिरास', पाय धुण्याचा विधी. हाच पात्मोसचा खास. खोराच्या चौकात हिरव्या फांद्यांनी सजवलेला मंच उभारतात. मठाधिपती येशूच्या जागी, बारा साधू शिष्यांच्या जागी. पेत्र आधी पाय धुवून घ्यायला नकार देतो, तो संवादही म्हणतात. सकाळीच होतं आणि उभं राहायला जागा लवकर भरते. सासूबाईंसाठी घडीचं स्टूल न्या. जागा आणि वेळ बेटावर पोचल्यावर हॉटेलात खात्री करून घ्या.

शुक्रवारी रात्री फुलांनी मढवलेल्या 'एपिताफियोस'ची (येशूच्या प्रतीकात्मक तिरडीची) मिरवणूक. शनिवारी (आपला महाराष्ट्र दिन) मध्यरात्री दिवे मालवून एका ज्योतीवरून सगळ्यांच्या मेणबत्त्या पेटतात. इथे दोन गोष्टी सांभाळा: फटाके जोरात वाजतात, आणि गर्दीत मेणबत्तीने पुढच्याचे केस किंवा ओढणी पेटू शकते. सिंथेटिक ओढणी नकोच. रविवारी दुपारी मठात पुनरुत्थानाचं शुभवर्तमान अनेक भाषांत वाचतात. रजा मिळत असेल तर ८ मेपर्यंत थांबा, तो योहानाच्या सणाचा दिवस. दुसरा सण २६ सप्टेंबरला, त्या वेळी गर्दी कमी आणि समुद्र कोमट. ८ मे, २६ सप्टेंबर, १५ ऑगस्टचा मरियेचा सण या तारखा ठरलेल्या असतात, ईस्टरसारख्या सरकत नाहीत.

जेवण. उपवासाचा सप्ताह शाकाहारी माणसाच्या पथ्यावर पडतो, पण फसवणूकही तिथेच आहे. ग्रीक उपवासाला, म्हणजे 'निस्तिसिमो'ला, मांस, अंडी, दूध आणि मासे चालत नाहीत. कोळंबी, माकूळ आणि ऑक्टोपस चालतात! त्यामुळे 'उपवासाचं' म्हणून ताटात माकूळ येऊ शकतं. 'खोरिस क्रेआस, खोरिस थालासिना' (मांस नको, समुद्री जीव नको) एवढं पाठ करा. भरवशाचे पदार्थ: फावा (पिवळ्या डाळीचा दाट गोळा, वर कांदा आणि ऑलिव्ह तेल), रेविथिया (ओव्हनमधले काबुली चणे), यीगांतेस (टोमॅटोतले मोठे पांढरे वाल), होर्ता (उकडलेली पालेभाजी, लिंबू पिळून). गेमिस्ता, म्हणजे भात भरलेले टोमॅटो आणि ढोबळी मिरची, मागताना खिमा नाही ना ते विचारा. तारामोसलाता गुलाबी आणि निरागस दिसते, पण ती माशांच्या अंड्यांची असते. ईस्टरच्या रात्री सगळीकडे मायिरित्सा हे कोकराच्या आतड्या-काळजाचं सूप असतं आणि बाकी स्वयंपाकघर बंद. त्या रात्रीचं जेवण आधी करून घ्या. थेपले आणि लाडू बरोबर असू द्या.

कोलशेत_रोड
खूप आभार. तारखा बदलल्या: २८ एप्रिल ते ४ मे. मठ आणि गुहा सोडून उरलेल्या दिवसांत काय करावं? सासूबाई पाण्यात उतरणार नाहीत, पण समुद्र बघायला आवडेल.

उपवनकर
स्काला बंदरातून बघा, पाण्यात खुणेचा दिवा लावलेला एक खडक आहे. योहानाशी पैज लावलेला किनोप्स हा मांत्रिक तिथे दगड झाला अशी लोककथा आहे, बाकांवर बसूनच दिसतो. टॅक्सीने ग्रीकोसला जा. तिथे कालिकात्सू हा खडक आहे, त्यात कोरलेल्या कोनाड्यांत पूर्वी तपस्वी राहत असावेत. उत्तरेला लाम्बीचा किनारा रंगीत गोट्यांचा. त्या उचलून आणायला बंदी आहे, खिशात घालू नका. प्सिली आमोस ही वाळूची चौपाटी सुंदर, पण बोटीने किंवा अर्धा तास पायवाटेने जावं लागतं. तुम्ही दोघं जा, त्यांना नेऊ नका. खोराच्या कडेला तीन पवनचक्क्या आहेत, दोन १५८८ च्या, एक १८६३ ची; डागडुजी २०१० मध्ये पूर्ण झाली. संध्याकाळी तिथून समुद्र बघायला टॅक्सी जवळपर्यंत जाते. खोरातला १६०७ चा झोओदोखोस पिगी हा जोगिणींचा मठही थोडाच वेळ उघडा असतो, तोही सकाळीच उरका.

ऐरोली_खाडीकिनारा
४ मेला निघणार असाल तर ईस्टरनंतरची परतीची गर्दी गाठ पडेल, तेव्हा पिरेयसचं तिकीट विक्रीला येताच काढा. स्कूटर भाड्याने घ्यायची असेल तर ठाणे आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना आधीच घ्या, आणि त्यावर दुचाकीच्या वर्गाचा शिक्का आहे का ते बघा. नुसता चारचाकीचा असेल तर अपघातात विमा हात वर करतो.